तळातलं पाणी

मे महिन्यात मामाच्या घरी झोपायचं ते पडवीत. पडवीचं तोंड वाघोटन खाडीकडं. पुढ्यात माड, माडांच्या पलीकडं चिखलाची पट्टी, कांदळाची झुडपं आणि त्यांच्याही पुढं नांगरलेली मामाची होडी. दिवा मालवला की होडी दिसेनाशी व्हायची, पण तिचं तिथं असणं कानांना कळायचं. ओहोटीला चिखलातून बुडबुडे फुटायचे, कुठं मासा उसळायचा, आणि मधेच कधीतरी होडीच्या पोटातून बारीक गुणगुण सुरू व्हायची. पितळी भांड्यात भुंगा अडकावा तशी. मग क्षणभरात खाडीत धार पडल्याचा आवाज. धार आधी जाड, मग तुटक, शेवटी नुसतं फुरफुरणं. मग पुन्हा चिखल आणि बुडबुडे.

होडीचा पंप तळातलं पाणी बाहेर टाकत असायचा. त्याच्या शेजारी एक तरंगतं पातं होतं, मामा त्याला फ्लोट म्हणायचा. पाणी वाढलं की पातं उचललं जायचं, पंप सुरू. पाणी उतरलं की पातं खाली, पंप बंद. माणसानं उठायची गरज नाही. तरी मामा झोपेत मोजायचा. सकाळी चहा घेताना मामीला सांगायचा, आज दोनदा. दोनदा म्हणजे सगळं ठीक. लाकडाची होडी थोडं पाणी घेतेच, त्याला कुणी आजार म्हणत नाही.

मी अकरा वर्षांची होते त्या वर्षी एका सकाळी तो चहाचा कप हातात तसाच धरून बसला. "बाये, रातीचो पंप पाच येळा चललो," तो म्हणाला. मामीनं चुलीपुढून मान वर केली. मला त्यात काय एवढं ते कळलं नाही. पंप चालला म्हणजे पाणी बाहेर गेलं, होडी तरंगतेच आहे. पण पंप पाणी काढतो आणि पाणी का येतंय हा प्रश्नही त्याच्याबरोबर खाडीत ओतून टाकतो. पंप चांगला असेल तर होडी महिनोन् महिने आजारी राहते आणि मालकाला निरोगी दिसते. मग एखाद्या रात्री बॅटरी उतरते. असं झालेली होडी मी पुढं पाहिली, दुसऱ्या वाडीतली. सकाळी पाण्यावर तिचा नुसता काठ दिसत होता, आणि आत डिझेलचे रंग हळूहळू फिरत होते.

मामानं मला बरोबर घेतलं, कारण माझा हात बारीक होता. इंजिनाच्या बैठकीखाली, तळाच्या सर्वांत खोल जागी, जिथं पंप बसवलेला असतो तिथं मोठ्या माणसाचा हात कोपरापर्यंत जाऊन अडकतो. माझा खांद्यापर्यंत जायचा. त्या अंधारातला स्पर्श मला आजही आठवतो. बुळबुळीत, मासळीची खवलं, जाळ्याच्या नायलॉनचे तुकडे, तेलाचा मऊ थर. वास तर असा की दोन दिवस केसांतून जायचा नाही. खारं पाणी, डिझेल, कुजलेली कोळंबी आणि ओलं जुनं लाकूड एकत्र आलं की तो वास होतो. पुष्कळांना तो नकोसा वाटतो. मला त्या वासानं अजून घरी आल्यासारखं होतं.

"चाखान बघ," मामा म्हणाला.

मी बोट जिभेला लावलं. खारट. शोधाची पहिली पायरी ही. तळात सापडलेलं पाणी गोडं असलं तर ते समुद्राचं नाही. एक तर पावसाचं, वरच्या फळ्यांतून झिरपलेलं, नाहीतर मासळीच्या खणातल्या बर्फाचं. खारट आणि कोमट असलं तर इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची नळी कुठंतरी गळतेय, कारण ते पाणी इंजिनातून फिरून तापून आलेलं असतं. खारट आणि थंड असलं, तर ते थेट बाहेरून आत येतंय. आमचं थंड होतं. इंजिन रात्रभर बंदच होतं, तेव्हा कोमटपणावरून तसा काही निकाल लागत नव्हता. मामा एवढंच म्हणाला, की इंजिन बंद असतानाही येतंय, म्हणजे त्याला आत शिरायला इंजिनाची मदत लागत नाही.

सगळ्यांचा संशय ग्लँडवर होता. इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा शाफ्ट होडीच्या तळातून बाहेर पडतो, म्हणजे प्रत्येक इंजिनाच्या होडीला तिच्या मालकानंच एक भोक पाडून ठेवलेलं असतं. त्या भोकात फिरणाऱ्या शाफ्टभोवती चरबी मुरवलेल्या दोरीची कडी एकापुढं एक बसवतात आणि वरून आट्यांच्या नटानं दाबतात. प्रत्येक कड्याचा सांधा वेगवेगळ्या बाजूला ठेवायचा, नाहीतर एका ओळीतल्या सांध्यांतून पाण्याला सरळ वाट मिळते. हे सगळं मला मामानं सुतळीची कडी करून माझ्या पेन्सिलीभोवती गुंडाळून शिकवलं होतं. ग्लँड गळायला लागला की नवखा माणूस नट आवळत जातो. गळती थांबते आणि त्याला समाधान वाटतं. पण ती दोरी पाण्यानंच थंड राहते. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला काही थेंब पडायलाच हवेत. थेंब बंद झाले की दोरी तापते, करपते, कडक होते आणि शाफ्टाला चरे पाडते. मग त्या चऱ्यांतून जे पाणी येतं ते कशानंच थांबत नाही. "थेंब पडूकच व्हयो. सुको ग्लँड तापता," मामा सांगायचा. इंजिन चालवून थोड्या वेळानं तो ग्लँडवर तळहात ठेवायचा, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा.

त्या सकाळी ग्लँड थंड होता, आणि बंद इंजिनाला त्यातून थेंबही पडत नव्हता. तरी डबकं होतं ते नेमकं त्याच्याखाली.

"पाणी दिसता थंयसून येणा नाय," मामा म्हणाला. "खंयसून येता ता बघूक व्हया." होडी मागच्या बाजूला थोडी खोल बसलेली असते. नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, आत आलेला थेंबसुद्धा फासळीला धरून उतरतो, पठाणापाशी पोचतो आणि तिथून मागं वाहत येऊन ग्लँडखाली साचतो. पठाण म्हणजे होडीचा कणा. पाणी मागं यावं म्हणून प्रत्येक फासळीच्या बुडाशी बोटभर भोक ठेवलेलं असतं. ही भोकं खवलांनी बुजली की आणखी गोंधळ होतो: पुढचं पाणी पुढंच अडतं, मागं पंप कोरडा बसून राहतो, आणि होडी मात्र नाळेत जड होत जाते.

मग त्यानं मला घरी पाठवलं, रांगोळी आणायला.

मी धावत गेले. मामीनं देवघरातला डबा दिला, कशाला ते विचारलं नाही. तोपर्यंत मामानं पंपाची तार सोडवून ठेवली होती, तळातलं पाणी उपसून, जुन्या धोतराच्या फडक्यांनी फळ्या न् फळ्या पुसून कोरड्या केल्या होत्या. पुसलेल्या तळावर, प्रत्येक फासळीच्या दोन्ही अंगांना, आम्ही चिमटीनं रांगोळी सोडली. मला तेव्हा एवढंच वाटलं होतं, की होडीच्या पोटात कधी कुणी रांगोळी घातली नसेल. पांढऱ्या रेघा अंधारात अलगद उजळल्या. मग आम्ही दोघं वर येऊन काठावर बसलो, हालचाल न करता. मामानं विडीसुद्धा पेटवली नाही. ऊन माथ्यावर चढत होतं. पलीकडं विजयदुर्गाच्या तटाची काळी कड दिसत होती. तासाभरानं खाली उतरलो तेव्हा इंजिनाच्या पुढं, डाव्या अंगाच्या तिसऱ्या फासळीपाशी, रांगोळीत करंगळीएवढी राखाडी रेघ उमटली होती. रेघेला धरून वर गेलं की पाण्याचा कॉक.

हा कॉकही माणसानंच पाडलेल्या एका भोकावर बसवलेला. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी इथून आत घेतात. पितळी कॉक, त्यावर रबरी नळी, नळीवर पत्र्याची क्लिप. क्लिप गंजली असेल असं मला वाटलं. मामानं क्लिपला हात लावला नाही. त्यानं सुरीच्या टोकानं कॉक खरवडला. वरचा हिरवा थर निघाला आणि खाली पितळेचा पिवळा रंग यायला हवा होता, तिथं गुलाबी रंग आला. पिकल्या जांभासारखा फिका गुलाबी. मला तो फार आवडला आणि मी तसं बोलले. मामा काही बोलला नाही. त्यानं सुरी थोडी दाबली आणि ते धातूचं अंग भाकरीच्या पापुद्र्यासारखं तुटून त्याच्या तळहातावर आलं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या साध्या पितळेतून जस्त निघून जातं आणि तांब्याची सच्छिद्र जाळी मागं उरते. आकार तोच, आटे तेच, जाडी तीच. नुसतं बघून कळत नाही. फक्त रंग बदलतो आणि जोर जातो. तो कॉक आणखी एखाद्या आठवड्यात, बहुधा इंजिनाच्या हादऱ्यानं, मुळातून तुटला असता. इंचभर रुंदीचं भोक पाण्याखाली दोन फुटांवर असलं तर सेकंदाला साधारण लीटरभर पाणी आत येतं, म्हणजे तासाला साडेतीन हजार लीटरांच्या वर. आमचा पंप तासाला दोन हजार लीटरांचा, तोही खोक्यावरच्या छापील आकड्यानं. तो आकडा पाणी वर चढवावं लागत नाही असं धरून काढलेला असतो. तीन-चार फूट चढ, नळीची वळणं, उतरलेली बॅटरी हे सगळं धरलं तर प्रत्यक्षात त्याच्या निम्मंही पाणी बाहेर पडतं की नाही शंका.

सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला चार लीटरांच्या आसपास पाणी होतं. त्यानं होडी बुडत नाही. थेंबाला कुणी भीत नाही. पण ज्या धातूतून थेंब येतो तो धातू काय होत चाललाय, हे त्या थेंबाखेरीज दुसरं कुणी सांगत नाही. म्हणून मामाला थेंबाचा राग यायचा नाही. तो त्याचा माग काढायचा.

मामानं लाकडाची निमुळती खुंटी तासून, दोरीनं कॉकला बांधून ठेवली. तो तुटलाच तर ती भोकात ठोकायची. दोन दिवसांवर पौर्णिमा होती. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. उधाणाची भरती. सव्वा अकराला होडी पुळणीवर जितकी वर घेता येईल तितकी घेतली, बाजूंना लाकडाचे टेकू दिले आणि पाणी जाण्याची वाट पाहत बसलो. ओहोटीनं होडी हळूहळू उघडी पडत गेली. रोज अर्धी पाण्यात दिसणारी होडी पुरी बघितली की दबायला होतं. केवढी तरी खोल, शंखशिंपल्यांनी खडबडीत, थेंब निथळणारी. दुपारभरात मिस्त्रीनं जुना कॉक काढला, गनमेटलचा नवा बसवला, नळीला एकाऐवजी दोन क्लिपा घातल्या. रात्रीच्या भरतीनं होडी आपोआप उचलली गेली. त्या रात्री पंप एकदाच चालला, पहाटे.

त्याच खाडीत थोडं वर गेलं की मराठा आरमाराची जुनी गोदी आहे, काठचा खडक खोदून केलेली, साडेतीनशे फुटांच्या आसपास लांब. शाळेच्या सहलीत आम्हाला ती दाखवली तेव्हा लढायांबद्दल पुष्कळ सांगितलं गेलं. मला मात्र तिथं उभं राहून वाटलं, की इथं लढाई झालीच नाही, इथं दुरुस्ती झाली. गलबतं भरतीला आत आली असतील, ओहोटीला बूड उघडं पडलं असेल, आणि कुणीतरी फळीच्या सांध्यात बोट घालून ओल शोधली असेल. आरमाराच्या गोष्टींत तो माणूस कधी भेटत नाही. मला तो फार जवळचा वाटतो.

पंपाबद्दल आणखी सांगायला हवं, कारण माझा हात त्याच्यासाठीच होता. पंप चालत नाही असं कुणी म्हणालं की दहातल्या आठ वेळा पंप ठीक असतो. फ्लोटच्या बिजागरीत खवल अडकलेलं असतं, म्हणून पातं उठत नाही. किंवा उठलेलं खाली येत नाही आणि पंप कोरडा फिरत बॅटरी संपवतो. जाळीखाली नायलॉनचा धागा फिरत्या पात्याभोवती आवळून बसतो. नाहीतर तारा. तळातल्या ओलीत तांब्याची तार आतून हिरवी होत जाते, वरचं प्लास्टिक चकचकीत राहतं. सांध्याजवळ तार थोडी सोलून बघायची. आत हिरवी भुकटी दिसली तर चकाकणारं तांबं लागेपर्यंत मागं मागं कापत जायचं, सांधा तळापासून उंच घ्यायचा, ग्रीस भरायचं. एकदा मामेभावानं नवा पंप जोडताना तारा उलटसुलट जोडल्या. पंप गुणगुणत राहिला, सगळ्यांना वाटलं झालं काम. पण पातं उलटं फिरत होतं आणि बाहेर धारेऐवजी लाळ पडत होती. मामा पडवीतूनच म्हणाला, आवाज बरोबर आहे, धार बरोबर नाही. आणि पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीचं तोंड कधी पाण्याखाली जाऊ द्यायचं नाही. होडी मालानं लादून खोल बसली आणि ते तोंड बुडालं, की पंप बंद पडल्यावर त्याच नळीतून समुद्र उलटा आत यायला लागतो. म्हणून नळी आधी उंच नेऊन, कमान करून, मग बाहेर काढायची.

आता खाडीत फायबरच्या होड्या जास्त. त्यांना सांधे नाहीत, सांध्यांत भरायचा कापूस नाही, तेल नाही. मला त्यांचं वाईट वाटत नाही. उन्हातान्हात लाकूड घासणाऱ्या माणसाला विचारलं तर तो फायबरच मागेल. कॉक, ग्लँड, नळ्या त्यांनाही आहेतच. मामानं मात्र लाकडाची ठेवली. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस मासेमारी बंद असते. तेवढ्या दिवसांसाठी होडी वर ओढायची, झापांनी शाकारायची, आणि मिस्त्रीनं एकेक सांधा उकरून जुना कापूस काढायचा, नवा ठोकून भरायचा, वरून राळ आणि तेल. लहानपणी आम्हा पोरांचं काम रात्रीचं: आत कंदील फिरवायचा, आणि बाहेर उभ्या असलेल्यानं फळ्यांतून उजेड कुठं येतो ते सांगायचं. बाहेरून बघताना अंधारात कधी एखादी सोन्याची तार चमकायची. मिस्त्री तिथं खडूनं खूण करायचा. उलटं करूनही बघायचे: आत पाणी भरायचं आणि बाहेरून कुठली फळी रडते ते शोधायचं.

पावसाळ्यातली हवा ओली असली तरी पाण्यात असणं वेगळं. दोन महिन्यांत लाकूड आवळतं, सांधे सैल पडतात. म्हणून कितीही नीट भरलेली होडी ऑगस्टमध्ये पाण्यात ढकलली की पहिल्या रात्री पाणी घेते. त्या रात्री घाबरून सांधे पुन्हा ठोकायला घेतले तर मोठी चूक. जागा न ठेवता ठासून भरलेला कापूस लाकूड फुगल्यावर फळीच सरकवतो. थांबायचं असतं. लाकूड पाणी पितं, फुगतं, फळी फळीला भिडते, आणि ज्या फटीतून पाणी आलं ती फट पाणीच मिटवतं. तोवर फक्त उपसत राहायचं.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी मी गेले होते. मामा आता समुद्रात जात नाही. मामेभाऊ तांडेल आहे. त्यानं पंप जोडायला घेतला तर मामानं हातानं अडवलं. नव्या कापसाच्या पहिल्या रात्री पंप लावायचा नाही, असा त्याचा नेम. तो स्वतः होडीवर गेला, कापलेला तेलाचा कॅन घेऊन. मी मागोमाग गेले. तळात हात घातला तर आता तो कोपरापर्यंत जाऊन अडकला. पाणी थंड होतं. चाखून बघितलं.

"कितके?" मामानं विचारलं. उपसायचं त्यानं, मोजायचं मी, असं ठरलं होतं.

पहिल्या रात्री एकशे चाळीस डबे. मधेमधे तो थांबायचा, तेव्हा फळ्यांमधून पाणी पाझरल्याचा आवाज ऐकू यायचा, अगदी बारीक, लहान मूल झोपेत दूध ओढतं तसा. दुसऱ्या रात्री त्रेसष्ट. पाऊस पडून गेला होता, म्हणून मी प्रत्येक डब्याला बोट लावून बघत होते. त्यातले काही गोडे निघाले, ते मोजले नाहीत. तिसऱ्या रात्री मामा म्हणाला, तू पडवीतच बस, तिथून ऐकू येतं. मी बसले. कॅन पाण्यात बुडल्याचा आवाज, मग ओतल्याचा. आठ. नऊ. बऱ्याच वेळानं दहा. भरती भरत आली होती, कांदळाचे बुंधे बुडाले होते. अकरा. मग कॅन फळीवर पालथा घातल्याचा आवाज आला, आणि खाडीतून मामाची हाक, "बाये, कितके झाले?"

"अकरा," मी ओरडून सांगितलं.